आमच्या तळघरातला गोली

१२ एप्रिल
हरलो. हॉकीच्या मोसमातला शेवटचा सामना, घरच्या बर्फावर, अख्खं गाव बघत असताना — आणि आमच्याकडे राहणाऱ्या जोएलने, संघाच्या गोलरक्षकाने, पाच गोल खाल्ले! पाचवा तर माझ्या बायकोने, डोरीननेही अडवला असता, स्वयंपाकघरातल्या सपाता घालून. पोरगं घरी आलं ते न जेवता तळघरातल्या आपल्या खोलीत गेलं. डोरीनने पिरोगी, त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, झाकून ठेवल्या. सकाळी बघितलं तर तशाच.

१४ एप्रिल
रिंकच्या कँटीनमध्ये सकाळच्या कॉफीला आमचं म्हाताऱ्यांचं टेबल भरलं आणि सगळ्यांनी मिळून जोएलची तिरडी बांधली. गॉर्ड म्हणतो, "घालवा त्याला! दुसरा गोली, धाकटा स्मूक आहे ना, मांजरासारखा चपळ. दोन-दोन गोली पोसायला आपण काय राजे लागून गेलोय?" एल्मर म्हणतो, "घेणार कोण? त्याच्या डाव्या हाताखालून बस जाते!" सगळे हसले. मीही हसलो.

मग एल्मर माझ्याकडे वळला. "क्लबने तुझ्या घरी ठेवलाय तो, ओरेस्ट. तुझं खातो. तूच सांग, काय बिनसलंय?"

"एकोणीस वर्षांचा आहे," मी म्हणालो. "पडला असेल कोणाच्या तरी प्रेमात."

खोटं! मार्चमध्ये पकची रबरी चकती मास्कवर आदळली तेव्हापासून त्याचं डोकं दुखतंय.

२० एप्रिल
क्लबच्या डॉक्टरने तेव्हा तपासून पास केलं होतं. करणारच! मोसमाआधी सगळ्या पोरांची डोक्याची परीक्षा होते — शब्द आठवा, आकडे उलटे म्हणा. पुढे मार बसला की तीच परीक्षा पुन्हा, आणि दोन्ही निकाल ताडून बघायचे. म्हणून पहिल्या वेळी मुद्दाम चुकायचं. म्हणजे मार बसल्यावरही निकाल तेवढाच! आमच्याकडे राहिलेल्या प्रत्येक पोराला ही युक्ती मीच शिकवली. जोएललाही. गॉर्ड तर मला प्राध्यापक म्हणतो.

३ मे
बटाटे आणायला खाली उतरलो. जोएल अंधारात बसलेला, खिडकीला घोंगडी टांगलेली, बादलीत ओकलेला.

"गीडो," — माझी नातवंडं आजोबाला गीडो म्हणतात, म्हणून तोही — "कोणाला सांगू नका ना. डंबरचा क्लब मला मागतोय. कळलं तर मला कुत्रंसुद्धा विचारणार नाही. मग काय, बापाबरोबर डुकरं पाळू?"

नाही सांगत, म्हणालो. बादली धुऊन परत आणून दिली.

२९ मे
झाली अदलाबदल! जोएल डंबरला, आणि तिकडून आपल्याला बचावाला असा गडी की दारातून आत यायला त्याला आडवं व्हावं लागेल. गॉर्डने टेबलावर मूठ आपटली — "गंडवलं त्यांना! भोकाचं भांडं देऊन बैल आणला!" कॉफी सगळ्यांच्या मांडीवर. मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. या गावाने शेवटचा कप बघितला तेव्हा माझे केस काळे होते.

३० मे
जोएल गेला. पावसाळी आभाळ, आणि याच्या डोळ्यांवर काळा चष्मा. डोरीनच्या गळ्यात पडला, मग माझ्याही. त्याच्या अंगाला अजून त्या कुबट पॅडांचा वास होता.

६ जून
डोरीनला गादीखाली डोकेदुखीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या.

"तुला माहीत होतं?"

"त्यानेच शपथ घातली होती."

"तो पोर आहे, ओरेस्ट. तू म्हातारा आहेस."

तेव्हापासून बोलणं बंद. जेवायला वाढते, पण ताट आपटते.

१९ ऑगस्ट
डंबरहून फोन. जोएलला ज्यांच्या घरी ठेवलंय त्या पेलेटिएबाई. त्याला काय आवडतं, काय नाही, विचारत होत्या. आवाज फार मायाळू. मी सांगितलं — मासे नकोत, पिरोगीवर कांदा भरपूर, हाक मारल्याशिवाय उठत नाही.

"आणखी काही?"

 

"नाही. गुणी मुलगा आहे."

फोन ठेवला. सांगितलं तर अदलाबदल मोडेल, बैल परत जाईल, आणि त्या टेबलावर मला कोणी खुर्ची देणार नाही. हे खरं कारण. शपथ-बिपथ सगळं नंतरचं.

२० ऑगस्ट
उद्या नक्की फोन करतो.

२२ ऑगस्ट
नवा गडी सरावात काय खेळला! गॉर्डच्या डोळ्यांत पाणी. फोन राहिलाच.

४ सप्टेंबर
जोएल काल सरावात कोसळला. पक खांद्याला लागला होता म्हणे, साधाच — पण पडताना डोकं बर्फावर आपटलं. शुद्धीवर आलाय. आई शेजारी बसली आहे, तिला ओळखत नाही. पेलेटिएबाई फोनवर रडत होत्या. म्हणाल्या, "मी त्याला आठवड्यापूर्वीच म्हटलं होतं, चल, डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाला, गीडोला सगळं माहीत आहे. काळजीचं असतं, तर त्यांनी मला येऊच दिलं नसतं."