तुम्ही सोडलेली बिडी

बाबा, तुमची नात सातव्यात आहे आणि बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. तुम्ही तिला शेवटची पाहिलीत ती पाच वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. आता ती पनवेलच्या एका कंपनीत जहाजांचे कागद करते, रजा टाकून आली आहे, आणि पाय सुजले की माझ्या मांडीवर टाकून खुशाल झोपते. दोन आठवड्यांपूर्वी तिला तपासायला घेऊन गेले होते. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. सगळं विचारता विचारता त्यांनी विचारलं, घरात कुणी सिगारेट-बिडी ओढतं का? पोरगी हसली. म्हणाली, "आता कोणी नाही. आजोबा ओढायचे. मी पोटात होते तरी सोडली नाही त्यांनी, म्हणून मी पावणेदोन किलोची झाले. आमच्या फॅमिलीत फेमस आहे ती स्टोरी." डॉक्टरीणबाईही हसल्या. मी शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसले होते. पर्सच्या आतल्या कप्प्यात रुमालात गुंडाळलेली एक सुट्टी सिगारेट होती. घरी आल्यावर तिला वरणभात वाढला, आणि ती झोपल्यावर गच्चीवर जाऊन ती सिगारेट ओढली. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे.

सुरुवात तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. मिठागरावरून तुम्ही आलात की अंगणातल्या दगडावर बसायचात. खिशातली काडेपेटी घामाने आणि खाडीच्या दमट हवेने सर्दावलेली असायची, दहा काड्या घासल्या तरी एक पेटायची नाही. मग तुमची हाक यायची, "बाय, बिडी पेटवून आन." मी आठ-नऊ वर्षांची. चुलीतल्या निखाऱ्याला बिडी लावायची आणि धावत यायचं, पण अंगणात पोचेपर्यंत ती विझलेली असायची. तुम्ही परत पाठवायचात. एकदा तुम्हीच सांगितलंत, लावली की एक झुरका मार, म्हंजे विझत न्हाय. मी मारला आणि खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही हसलात, आईसुद्धा हसली. पुढं एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. तुमच्या हातात येईपर्यंत बिडी चांगली पाऊण उरलेली असायची आणि तुम्ही म्हणायचात, हल्ली बिड्या आखूड करतात लेकाचे. बारा वर्षांची होईपर्यंत मला सकाळी उठल्यावर ती आठवायला लागली होती. याला व्यसन म्हणतात हे मला माहीत नव्हतं. व्यसनं पुरुषांना असतात असं मला वाटायचं.

लग्न होऊन सासरी गेले तेव्हा सोडली, असं मी दोन महिने स्वतःला सांगितलं. मग सासूबाई दुपारी लवंडल्या की विहिरीकडं जायला लागले. दिवस राहिले तेव्हाही चालूच होती. वास सगळ्यांना यायचा, पण सून ओढत असेल असं कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. सासरे ओढायचे, ते त्यांच्या नावावर खपून जायचं. सातव्यात पहिलटकरीण म्हणून तुम्ही मला घरी आणलंत. चारच दिवसांत गावच्या नर्सबाई आल्या, माझा हात तपासला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि जाता जाता तुमच्याकडं वळून म्हणाल्या, काका, घरात पोटुशी पोरगी असताना हा धूर बरा न्हाय, पोटातल्या बाळाला लागतो. तुम्ही दारात उभे होतात, कानामागं बिडी होती. ती बिडी काढून खिशातल्या बंडलात नीट ठेवलीत आणि बंडल वर वळचणीला खोचलंत. आईनं भुवया उडवल्या. नर्सबाई गेल्यावर म्हणाली, "बगू, सांजपर्यंत टिकता का."

सांजपर्यंत टिकलं, आणि पुढंही टिकलं. चाळीस वर्षांची सवय होती तुमची. पहिला आठवडा तुम्ही कोंबड्यांवर ओरडत होतात, शेजाऱ्यांशी बांधावरून भांडलात, रात्री उठून बसत होतात. आईकडून चिंचोके भाजून घेतलेत आणि दिवसभर एक चिंचोका गालात धरून हिंडायला लागलात. मी हे सगळं ओटीवर बसून पाहत होते, आणि मला तुमची कीव येत होती, कारण माझी स्वतःची अवस्था तुमच्याहून वाईट होती. माहेरी चोरून ओढायला जागा नव्हती. हात थरथरायचे, अन्न समोर आलं की डोकं फिरायचं. एक दिवस आईनं भातावर आमटी जास्त वाढली एवढ्यावरून मी ताट ढकललं. आई बघतच राहिली. तुम्ही माझ्या हातांकडं बघत होतात. जेवण झाल्यावर तुम्ही म्हणालात, चल, गुरांना पानी दाखवून येऊ. गोठ्यामागं नेऊन तुम्ही मला विचारलंत, "कदीपास्न?" मी म्हटलं, चुलीपासून. तुम्ही खाली बसलात. बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा मारत राहिलात.

मला वाटलं होतं तुम्ही मारणार. तुम्ही म्हणालात, "मीच लावली तुला. आता मीच सोडवतो. येकदम तुटायची न्हाय, माझा जीव मला ठाव हाय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही एक बिडी मधोमध मोडून आणलीत. अर्धी मला दिलीत, अर्धी मातीत पुरलीत. म्हणालात, आठ दिस अर्धी, मग पाव, मग चिंचोका. मी न्हाणीमागं उभी राहून ती अर्धी ओढायचे आणि तुम्ही कोपऱ्यावर पाठमोरे उभे, कुणी येतंय का बघत. तो धूर तुमच्या नाकात जात होता. तुम्हाला किती जड गेलं असेल हे मला आता कळतं. तेव्हा मी फक्त ती अर्धी किती पटकन संपते याचाच विचार करत होते.

आणि बाबा, मी त्या अर्धीवर थांबले नाही. वळचणीचं बंडल कुठं आहे ते मला दिसलेलं होतं. तुम्ही मिठागरावर आणि आई भाताच्या गिरणीत गेली की स्टुलावर चढायचे. पोट सावरत, एका हातानं वासा धरून. रोज एक, कधी दोन. बंडल हलकं होत गेलं, तेव्हा ते चपटं दिसायला नको म्हणून मी आत कागद कोंबला. तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही रोज त्यातूनच एक काढत होतात, माहीत असणारच. तुम्ही ते मला कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी रडले असते, शपथ घेतली असती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुलावर चढले असते.

मग त्या दिवशी आई गिरणीतून लवकर आली. न्हाणीमागं धूर होता, मी नुकतीच आत शिरले होते आणि तुम्ही गोठ्यातून येत होतात. आईनं पाटी खाली आपटली. "लाज वाटत न्हाय? पोरगी आठव्यात हाय, आनि तुमाला चोरून वढायला तिचीच न्हानी मिळाली?" तुमच्या गालात चिंचोका होता. तो तुम्ही हातात काढून घेतलात, मुठीत धरलात आणि म्हणालात, "चुकला माझा. येकच वढली." मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीत. आई तुम्हाला काय काय बोलली ते मी लिहीत नाही. पण तिनं ते शेजारी सांगितलं, मावशीला सांगितलं, नर्सबाईंना सांगितलं. तुम्ही गावात माणसांच्या तोंडी पडलात आणि मी ओटीवर बसून पोटावर हात फिरवत होते.

नवव्याच्या सुरुवातीलाच कळा आल्या. पोर झालं ते केवढंसं, रडणंही मांजराच्या पिल्लाएवढं. तिला काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टर मोठे तापट होते, व्हरांड्यात येऊन त्यांनी विचारलं, घरात कोण ओढतं? माझी खाट दाराशीच होती. तुम्ही रांगेत बसलेल्या माणसांतून उठून उभे राहिलात आणि शाळेतल्या पोरासारखा हात वर केलात. डॉक्टर सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. तुमच्यासारख्या माणसांनी नातवंडांची तोंडं बघू नयेत, असंही बोलले. तुम्ही मान खाली घालून "व्हय सायेब" म्हणत राहिलात. दोन महिने झाले होते तुम्हाला सोडून. मी डोळे मिटून घेतले आणि झोपेचं सोंग केलं. मला त्या दिवशी जी लाज वाटली ती मी आजही तशीच बाळगून आहे, आणि तिचा काडीचा उपयोग झालेला नाही. पोरगी घरी आली आणि सव्वा महिन्यानं मी पुन्हा सुरू केली.

तुम्ही मात्र पुन्हा कधीच शिवला नाहीत. पण छातीनं आधीचं सगळं जपून ठेवलं होतं. आई आणि गाव, तुम्ही अजून चोरून ओढता असंच धरून चालले होते; पाच वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा जो तो म्हणाला, बिडीनं नेलं, किती सांगितलं पण ऐकला नाही. दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर होते, खाली येईनात. काकांनी विचारलं, काय राहिलंय त्याचं? कुणीतरी म्हणालं, अरे बिडी ठेवा. चुलतभाऊ धावत जाऊन अख्खं बंडल घेऊन आला, पिंडाशेजारी ठेवलं. कावळ्यानं मान वळवली. आणखी एक बंडल आणलं, वर काडेपेटी ठेवली. सगळे हात जोडून उभे, उन्हानं डोकी तापलेली. आई रडत म्हणाली, आता तरी घ्या, कोन काय बोलनार न्हाय तुमाला. त्या बंडलाला तुम्ही शिवणार नाही हे तिथं फक्त मला माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं, की काका, ते उचला, त्यांनी सोडली होती. ते म्हटलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. आई त्यानंतर बारा वर्षं जगली आणि तुमच्यावर थोडी रागावूनच गेली.

सोडायचा प्रयत्न मी किती वेळा केला ते विचारू नका. देवीला बोलले, बडीशेप चघळली, औषधाच्या दुकानातलं च्युइंगम आणलं. एकदा चार महिने टिकले होते. बिडीची सिगारेट झाली एवढीच प्रगती. नाक्यावरच्या दुकानातून मी ती 'ह्यांच्यासाठी' म्हणून घेते. तुमचा जावई कंटेनर यार्डात नोकरीला, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. एकदा दुकानदारानंच त्यांना अडवून सांगितलं, दादा, जरा कमी करा, वय झालं आता. ते घरी आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "मी फार ओढतो म्हणे." पुढं काही बोलले नाहीत, हसले आणि हातपाय धुवायला गेले. माझ्या नशिबात सगळी न बोलणारी माणसं आली. बोललं असतं कुणी, तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं. पण तेही मी दुसऱ्यावर ढकलण्यासारखंच झालं. थकले मी, बाबा. ओढून थकले आणि लपवून त्याहून जास्त.

तर दवाखान्यातून आल्यावर तीन दिवसांनी पोरीला सांगितलं. ती बाळाची झबली घडी घालत होती. मी म्हटलं, तू लहान झालीस ती आजोबांमुळं नाही. मग सगळं सांगितलं, चुलीपासून व्हरांड्यापर्यंत. वळचणीचं बंडलही सांगितलं. मला वाटलं ती माझ्यावर ओरडेल. तिनं झबलं खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे आजोबांनी सोडली होती?" मी म्हटलं, हो. "आणि आजीला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, नाही. ती रडायला लागली, माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. "मम्मी, मी सगळ्यांना सांगत फिरले गं. ऑफिसमध्ये, सासरी. हसून सांगायचे." मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या सासूला फोन करून सांगितलं, माझ्या आजोबांबद्दल मी चुकीचं बोलले होते, त्यांनी बिडी सोडली होती माझ्यासाठी. मी कांदा चिरत ऐकत होते. कुणाचं नाव तिनं पुढं केलं नाही.

एवढं झालं हे तुम्हाला कळवायचं होतं. हा कागद तुम्हाला पोचायचा नाही, आणि जिनं तो वाचायला हवा तिच्यापासून मी तो लपवणार आहे. कारण रडून झाल्यावर, डोळे पुसून तिनं मला आणखी एक विचारलं होतं, "मग तू कधी सोडलीस?" मी म्हटलं, "तू झालीस तेव्हाच." तिनं मान हलवली. तिला ते खरं वाटलं. बाबा, त्याला आज अकरा दिवस झाले. त्यातले नऊ दिवस मी ते खरं केलं. दोन दिवस नाही जमलं, आणि त्यातला एक काल होता.