पंज्यावरचं वजन

११ जून २००३, बुधवार

पंजा खाली आलाच नाही! मी वर बसलेली, पाय लोंबकळताहेत, वाल्देमार ट्रॅक्टरवर दांडा धरून, आणि सगळं जागच्या जागी. गायी टकामका बघताहेत.

पंजा अडकणं काही नवीन नाही. ट्रॅक्टर माझ्या सासऱ्यांचा, गवताच्या गासड्या उचलायचा पंजा वाल्देमारने स्वतः वेल्डिंग करून जोडलेला. सिलिंडर एकाच दिशेचा — तेल भरलं की वर ढकलतो, खाली ओढणं त्याला ठाऊकच नाही. खाली यायचं ते वजनाने. गासडी गायींपुढे टाकली की रिकामा पंजा थंडीत कमरेइतका वर तसाच राहतो, तेल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं. मग मला हाक — "नेल्सी! ये गं माझ्या वजनदार बाई!" लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात हेच. मी टेकले की पंजा मुकाट जमिनीवर. अख्ख्या सान होसेत अशी बायको कुणाची नाही म्हणून सांगत फिरतो मेला.

आज मी वर बसून हिसके दिले तेव्हा उतरला. "तेल घट्ट झालंय," तो म्हणाला. मी म्हटलं, हो ना, जून म्हणजे हिवाळाच, केवढी थंडी!

१४ जून, शनिवार

आज थंडी नव्हती. तरी हिसके द्यावे लागले.

१९ जून, गुरुवार

लिहूनच टाकते. स्कर्टचं बटण पुन्हा आत घेतलं. हे दुसऱ्यांदा. वाल्देमार घरात नसताना घेतलं.

जेवण जात नाही असंही नाही. दोन घास खाल्ले की पोट भरतं, बाकीचं कुत्र्याला. तो मात्र गुबगुबीत झालाय.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी स्कर्ट सैल, मग अंगठी. शेजारणी म्हणायच्या, "काय छान बारीक झालीस गं, एल्दा!" आणि ती हसायची. पुढचा हिवाळा तिने पाहिला नाही.

भीती वाटते. नुसती भीती. दूध काढताना गाईच्या कुशीला कपाळ टेकून बसते आणि तिचं वजन अंगावर घेते, तेवढाच वेळ बरं वाटतं.

२३ जून, सोमवार

वाल्देमारने सिलिंडर खोलला! स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्या स्वच्छ ओट्याला खेटून. मी ओरडले नाही. त्याने एकदा वर बघितलं. मी ओरडले नाही याचंच त्याला नवल वाटलं असावं.

मी माते चहाचा कप हातात घेऊन शेजारी उभी. मनात एकच — देवा, सिलिंडरचा दांडा वाकलेला निघू दे. आत गंज निघू दे. काहीतरी बिघडलेलं निघू दे!

त्याने दांडा उजेडात धरून फिरवला. आरशासारखा. आतून बोट फिरवलं. "काही झालेलं नाही याला," म्हणाला. मग बराच वेळ बोट पुसत बसला.

२४ जून, मंगळवार

तेल बदललं. नवं, पातळ. तरी नाही.

२८ जून, शनिवार

पंज्याच्या मागच्या आडव्या पट्टीला त्याने गोणपाट गुंडाळलंय, चांगलं जाडजूड, तारेने आवळून. "थंड लोखंडावर बसतेस, कंबर धरेल." एवढ्या वर्षांत माझी कंबर याला आज आठवली! आज जरा सहज उतरला पंजा. पण हिसका लागलाच.

२ जुलै, बुधवार

मारीएलाचा माँतेव्हिदेओहून फोन. "आई, तुझा आवाज असा का येतोय?" म्हटलं, सर्दी. लेकीशी खोटं बोलले. फोन ठेवल्यावर लगेच दवाखान्यात लावला आणि पुढच्या शुक्रवारची वेळ घेतली. वाल्देमारला सांगितलं नाही. डॉक्टर तोंडाने काही म्हणेपर्यंत ते खरं नाही. आणि म्हणाला तर? तर मग काय?

६ जुलै, रविवार

उतरला!! टेकले आणि उतरला, अगदी पूर्वीसारखा! मी चिखलात उभी राहून हसत सुटले. वाल्देमारही हसला, जरा उशिरा.

दुपारी पाऊस, म्हणून तोर्ता फ्रिता, कणकेच्या जाड पुऱ्या, तळल्या. दोन खाल्ल्या. वर चमचाभर मुरांबा. पोटात दुखलं, पण खाल्ल्या! भरतेय मी. उगाच स्वतःला घाबरवत होते. आई आई आणि मी मी.

९ जुलै, बुधवार

रोज उतरतोय. आज तर टेकते न टेकते तोच. दवाखान्यात फोन करून सांगितलं, येत नाही, बरी आहे. तिथली मुलगी म्हणाली, "वेळ ठेवू का, बाई, कुणी मागितली नाही तर?" म्हटलं, ठेव हवी तर.

१० जुलै, गुरुवार

गोणपाट भिजून वास मारायला लागलं होतं. वाल्देमार दुधाच्या गाडीपाशी गेलेला. म्हटलं, सोडून वाळत घालावं. हाताला जड लागलं.

आत लोखंड. मोडक्या नांगराचे फाळ, बिजागऱ्या, रुळाचा एक तुकडा. एकेक वेगळा बांधलेला. काही तारा गंजायला लागलेल्या, काही जरा कमी. रुळाच्या तुकड्याची तार कोरी करकरीत.

म्हणजे एकदाच नाही बांधलं. मी कमी होत गेले, तसं तो बांधत गेला.

सगळं होतं तसं पुन्हा गुंडाळलं. तार नीट बसेना.

११ जुलै, शुक्रवार

सकाळी माते चहा देताना वाल्देमारला म्हटलं, "आज मला शहरात जायचंय. तू पण चल." तो उठला, दाढी केली, गाडी दाराशी आणून उभी केली. कुठे, हे त्याने विचारलं नाही.