बाळगोळी

आई, तुला अक्षर लावता येत नव्हतं. गावी पोस्टमनकडून पत्र वाचून घेताना तू डोक्यावरचा पदर सारखा करायचीस, जणू पत्र लिहिणाराच पुढ्यात येऊन बसलाय. हे पत्र तुला कुणी वाचून दाखवणार नाही, तेव्हा पदर राहू दे. तू गेलीस त्या वयाहून मी आता कितीतरी म्हातारी झाले आहे. गुडघे कुरकुरतात, कमरेनं तर उभा दावा मांडलाय. जीभ तेवढी होती तशीच आहे. ह्या पोरीच्या जिभेला हाड न्हाई, असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस, आणि वर कौतुकानं हसायचीस.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. वडील जाऊन बराच काळ लोटला होता, मी पुण्यात वसतिगृहात राहून शिकले आणि चिंचवडला नोकरी लागल्याबरोबर तुला चाकणकडच्या आपल्या गावाहून उचलून आणलं. मुंबई-पुणे रस्त्याला लागून एक बैठी इमारत होती. पुढं औषधं तयार व्हायची आणि मागच्या दोन खोल्यांत आमची प्रयोगशाळा. आजूबाजूला अजून ज्वारीच उभी होती, मधूनच एखाद्या कारखान्याचा पाया खणलेला दिसायचा. तंबाखूतलं निकोटीन आणि अफूतून निघणारी मॉर्फिनसारखी द्रव्यं शरीरात जाऊन काय करतात, हे शोधणं माझं काम. शेजारणी विचारायच्या, मुलगी काय करते? तू सांगायचीस, "उंदरांची डागतर हाय." दिवसभर मी निकोटीनचे थेंब जपून बाटलीत सोडायचे आणि संध्याकाळी घरी यावं तर तू तव्यावर तंबाखू भाजत बसलेली, मिश्रीसाठी. डोळ्यांतून पाणी काढणारा तो धूर. मी तणतणायचे, हे विष आहे, सोड. तू काळं बोट दातांवरून फिरवत म्हणायचीस, "तू बाटलीत घालतीस, मी तोंडात घालते. बाटलीपरीस तोंड बरं." कपाळ माझं!

एक दिवस मी जेवणाचा डबा विसरले आणि तू तो घेऊन प्रयोगशाळेत आलीस. साहेब पुण्याला गेलेले, मीच मालकीण. तुला स्टुलावर बसवते. काचेच्या नळीत कोमट खारं पाणी, त्यात गिनिपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा दोऱ्यानं टांगलेला. आतडं आखडलं की वरची काडी हलते आणि काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ उमटत जाते. तू वाकून बघतेस, म्हणतेस, "आगं, ह्ये जित्तं हाय." मी निकोटीन सोडते. काडी ताडकन उडते, आणि तू तोंडाला पदर लावून इतकी हसतेस की मलाही हसू आवरत नाही. "माझी मिश्री गं ती," म्हणतेस. मग मी, शहाणी, म्हणते, आता दुसरी गंमत बघ. अफूतलं औषध घालते. उड्या लहान होत जातात, थोड्या वेळानं रेघ सपाट होते. तू विचारतेस, "मेलं का?" मी म्हणते, "नाही गं, अफू दिली ना, निजलं." डबा टेबलावर ठेवतेस आणि उन्हात चालत निघून जातेस. मला वाटलं, तुला आतड्याची किळस आली असेल.

संध्याकाळी मी घरी आले तर चूल पेटलेली नव्हती. तू उंबऱ्यापाशी बसून होतीस. म्हणालीस, "आपल्या बारकीला बी तीच दिली व्हती. तीबी निजलीच." माझ्या धाकट्या बहिणीबद्दल त्याआधी तू कधी अवाक्षर काढलं नव्हतंस. मला अंधुक आठवत होतं ते एवढंच, की भुईमुगाची काढणी चालली होती, बाभळीला झोळी बांधलेली होती आणि तू बांधावरून ओरडत धावत आली होतीस. आपल्याकडे तान्ह्या पोराला मोहरीएवढी अफू चाटवूनच बाई शेतात जायची. बाळगोळी म्हणायच्या. पोर निजायचं, आईला काम उरकता यायचं. मलाही तू तीच चाटवली होतीस. बारकी उठली नाही तेव्हा दृष्ट लागली म्हणाले, सटवाईचा कोप म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे शेंगा काढायला गेले. "त्या गोळीनंच का गं?" तू मला विचारलंस. लेकीला नाही, उंदरांच्या डॉक्टरला विचारलंस.

त्या वर्षी माझं काम नेमकं हेच होतं. मोठ्या जनावराला जे सहज सोसतं त्यानं पिल्लाचा श्वास कसा मंदावत जातो, हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. मी म्हटलं, "हो आई, बहुतेक त्यानंच." मागून घाईघाईनं हेही म्हटलं, की सगळ्याच देत होत्या, तुला कुणी सांगितलं नव्हतं. तू म्हणालीस, "सांगाया ठावं कुनाला व्हतं?" आणि उठून चूल पेटवलीस. लोक म्हणतील, मी खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? मला ते तेव्हाही पटलं नसतं, आजही पटत नाही. तुला खोटंच ऐकायचं असतं तर तू शेजारणीला विचारलं असतंस. पण त्यानंतर आपलं घर मुकं झालं, हे खरं. तू डबा भरून दारात द्यायचीस आणि पाठ फिरवायचीस. उंदरांची चौकशी बंद झाली. पुढच्या काढणीला तू एकटीच गावी गेलीस आणि बांधाबांधानं बायकांना सांगत फिरलीस, पोराला गोळी नका देऊ. काकूनं तुला वेड्यात काढलं. हे तू मला सांगितलं नाहीस, मला ते गावाकडच्या एका पोराच्या आईकडून कळलं. घरात दोनच माणसं आणि तीही एकमेकींची वाट चुकवणारी. तशी एकटी मी वसतिगृहातसुद्धा नव्हते.

मग तुझ्या गालात गाठ आली. मोठ्या इस्पितळातून हात टेकून परत पाठवलं. दुखणं इतकं की तू उशी दातांत धरायचीस. डॉक्टर घरी आले, म्हणाले, मॉर्फिनचं इंजेक्शन देऊ, आराम पडेल. तू भिंतीकडे तोंड केलंस. "त्यानं माझी पोर न्हेली. त्ये माझ्या अंगात नगं." मी तुला समजावलं, मात्रा समजावली, वजन समजावलं, तान्ह्या पोरात आणि तुझ्यात काय फरक ते समजावलं. भाषणच दिलं म्हण. साऱ्या जन्माचं शिकणं ज्या एका औषधात घातलं ते माझ्या आईला नको होतं. शेवटी माझा तोल गेला. "मग तळमळ अशीच," म्हणून मी ओरडले आणि ओट्यापाशी जाऊन रडत उभी राहिले. तेव्हा तू हाक मारलीस. शब्द नीट फुटत नव्हते, तरी एकेक करून बोललीस. "ती निजली तवा मी शेंगा तोडत व्हते. कुनीच बगत नव्हतं. कुनी हलवलं असतं, तर?" मी म्हटलं, "कदाचित उठली असती." तू मान हलवलीस. म्हणालीस, "मग तू बसशील का बगत?"

इतका वेळ मी औषधाबद्दल बोलत होते, आई. तू औषधाबद्दल बोलतच नव्हतीस.

डॉक्टरांनी दुपारी इंजेक्शन दिलं. मी तुझ्या बरगडीवर तळहात ठेवून बसले. प्रयोगशाळेत श्वास मोजायची मला सवय होती, तुझे मात्र मोजता आले नाहीत, हात वर जातोय खाली येतोय एवढंच कळत होतं. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. किती दिवसांनी तू तोंड उघडं टाकून घोरलीस. उन्हं उतरल्यावर जाग आली तर डोळे न उघडताच म्हणालीस, "हायेस का?" मी म्हटलं, "आहे." त्यानंतर प्रत्येक इंजेक्शनला हे असंच. नोकरीवर बिनपगारी रजा टाकली, साहेबांनी नाक मुरडलं, मुरडू दे म्हटलं. आणि एका सकाळी हात वर आलाच नाही, तेव्हा मी तुला हलवलं. उपयोग नाही हे मला ठाऊक होतं. पण कबूल केलं होतं, म्हणून खूप वेळ हलवत राहिले.

पुढं मी कामावर परत गेले, तीच द्रव्यं, तीच काजळी. नंतर शिकवलंही. वर्गात सांगायचे, दुखणाऱ्या माणसाला या औषधाची भीती घालू नका, योग्य मात्रेत ते देवासारखं आहे. लग्न राहून गेलं, त्याची रडकथा नको. आपली प्रयोगशाळा होती तिथं आता मोटारींचे सुटे भाग होतात आणि पार चाकणपर्यंत कारखाने लागले आहेत.

माझ्या कमरेतलं दुखणं साधं नाही, आई. हाडांत पसरलंय. माझाच एक विद्यार्थी आता मोठा डॉक्टर झालाय, त्यानं मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. परवा फोनवर त्यानं विचारलं, "बाई, गोळ्यांनी आराम आहे ना?" मी म्हटलं, "आहे रे, छान झोप लागते." एकही घेतलेली नाही. त्या औषधाची मला भीती नाही, त्याची नस न् नस मला माहीत आहे. स्वयंपाकाची बाई दुपारी जाते, मग घरात कुणी नसतं. बघत बसायला कुणी नाही गं.