बिननावाचं पिल्लू

इंद्रजीत,

मी विश्रांतवाडीला आईकडे जातेय, संध्याकाळी येईन. आमटी केलीय, भात तेवढा लावून घे.

शनिवारी आपल्याकडे लेखनगटात वाचली ती खारीच्या पिल्लाची गोष्ट तुझी होती, हे आज कळलं. चार्जर शोधताना तुझ्या बॅगेत तिचा कच्चा खर्डा सापडला. गोष्टी लेखकाचं नाव झाकून वाचायच्या हा नियम माझाच, तेव्हा तक्रार कुणाकडे करू? पण पिवळ्या टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू वाचून तरी मला कळायला हवं होतं.

मुलांच्या चित्रपुस्तकांची परीक्षणं लिहून लिहून मी फार शहाणी झालेय. 'पिल्लाला नाव का नाही? नाव नसेल तर मुलं जीव कसा लावतील?' असा शेरा मी मोठ्याने वाचला. 'अकराव्या पानावर गोष्ट अर्धवट सुटलीय,' हेही. सगळे हसले. तू चहाचे कप गोळा करत होतास.

आपली मुलगी अकरा दिवस होती, तसल्याच पिवळ्या टॉवेलात. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. नाव तू ठरवलं होतंस, पण पाळण्यात घालतानाच सांगणार म्हणून माझ्यापासूनही लपवलं होतंस. नंतर मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

गटात वाचलेल्या प्रतीवरचे पेन्सिलीचे माझे शेरे मी पुसलेत, तरी थोडे दिसतात. मागे एक कोरं पान टाचलंय, बारावं. त्यावर तिचं नाव लिहून ठेव. मी आल्यावर वाचेन.

तनुजा