दुसऱ्या भागाचे शेवटचे प्रकरण

मृत्युपत्र लिहून ठेवणार : श्रीमती कौशल्या शालिकराम गावंडे, वय ७२, कृषी विद्यापीठाच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार अकोला.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तरी कोणाला शंका असेल त्याने माझ्याशी थोडा वेळ भांडून पाहावे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाबाखाली मी आयुष्यात एकदाच सही केली. ती कोणती, ते पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती शालिकराम भूमापन खात्यात होते. ते आता हयात नाहीत. आम्हाला मूलबाळ नाही. धाकटा भाऊ गोपाल चंद्रभान ढोरे अमरावतीस राहतो, तेथे त्याचा छापखाना व प्रकाशन आहे. त्याला अंकुर व रागिणी ही दोन मुले. माझे रक्ताचे नातेवाईक एवढेच.

२. अकोल्याचे राहते घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. वडिलोपार्जित त्यात एक वीटही नाही. हे घर भाची रागिणी हिला पूर्ण मालकी हक्काने देते. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. कोणाला विचारण्याची गरज नाही. अट एकही घालत नाही. अटी तिच्या वाट्याला पुष्कळ आल्या आहेत.

३. बैठकीतल्या भिंतीवरचा मोठा नकाशा शालिकरामांनी काढलेला आहे. पाहुण्यांना तो मूर्तिजापूर तालुक्याचा वाटतो. तो माझ्या ‘मिठाखालचे राज्य’ या कादंबरीमालेतल्या देशाचा आहे. आमच्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदली की खारे पाणी लागते. लहानपणी मला वाटे, या काळ्या मातीखाली समुद्र गाडलेला असणार आणि त्यावर कोणीतरी राज्य करत असणार. त्यातून वेणा जन्मली. गोड्या पाण्याचा झरा शोधायला धाकट्या भावाला, सातूला, पाठीवर घेऊन जमिनीखाली उतरणारी मुलगी. पहिला भाग ‘मिठाचा दरवाजा’ गोपालनेच छापला. अचलपूरपासून अकोल्यापर्यंतच्या शाळांत मुले वेणा आणि क्षारसर्प खेळू लागली. ते श्रेय मी गोपालचे मानते. नकाशाही रागिणीस द्यावा.

४. आता दुसऱ्या भागाविषयी. हे कलम लांबेल. वकीलबाईंनी ते कापू नये.

‘गोड्या झऱ्याची राणी’ लिहायला मला चार वर्षे लागली. त्यात वेणा मिठाच्या सैन्याशी लढते, क्षारसर्पाचा एक डोळा फोडते, जखमी सातूला झऱ्यापाशी आणते. झऱ्याचा नियम असा, की ज्याने वाट काढली त्याचे राज्य. मी लिहिलेल्या शेवटात वेणा ओंजळभर पाणी पिते, सातूला पाजते आणि सिंहासनावर बसते. सातू तिचा सेनापती होतो. दोघेही सुखी.

पुस्तक छापून आले ते मी अमरावतीला प्रकाशनाच्या व्यासपीठावरच हातात घेतले. शेवट वाचून दाखवायला उभी राहिले, आणि वाचता वाचता ओळी अनोळखी होऊ लागल्या. वेणाने मुकुट सातूच्या डोक्यावर ठेवला. ‘माझे माहेर हिरवे राहो, मला आणखी काय हवे?’ असे म्हणून ती हसत वनात निघून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदराने डोळे पुसले.

व्यासपीठाच्या मागे मी विचारले, “गोपाल, हे कोनं लिवलं?”

“मीच लिवलं ताई. तुहा शेवट लोकाईले पटला नसता. भावाले बाजूले सारून राज्य घेते काय कोनती बहीण?”

“मले विचारलं काहून नाई?”

“विचारलं असतं त तू नाई म्हनली असती.”

शालिकराम म्हणाले, केस टाकू. मी त्यांना थांबवले. आई, सुभद्राबाई, तेव्हा गावी अंथरुणाला खिळली होती.

५. त्याच वर्षी गोपाल हक्कसोडपत्र घेऊन आला. वडिलांच्या शेतात माझाही वाटा होता, तो मी राजीखुशीने सोडते, असा मजकूर. मी नाही म्हटले. मग त्याने मला आईच्या खाटेजवळ नेले. आईला वाचता येत नव्हते. गोपालने तिला ते शेवटचे प्रकरण वाचून दाखवले होते, आणि एकदा नव्हे.

आई म्हणाली, “बाई, तूच लिवलं ना? मंग देऊन टाक न भावाले.”

“माय, ते म्या नाई लिवलं. यानं लिवलं.”

“तुहं नाव हाय त्याच्यावर. छापेल खोटं असते काय?”

मी सही केली. आई समाधानाने गेली. तिच्या तेराव्याला गोपाल सर्वांना सांगत होता, “ताई आमची पयलेपासूनच मोठ्या मनाची.”

त्यानंतर मी मालेचा तिसरा भाग लिहिला नाही. वाचकांनी विचारले, शाळांनी विचारले, गोपालनेही विचारले.

६. हक्कसोडीनंतर दर दिवाळीला गोपालकडून आलेल्या साड्या लोखंडी कपाटात घडी न मोडता ठेवल्या आहेत. त्या माझ्याकडे कामाला येणाऱ्या जाईबाईस द्याव्या. कापड चांगले आहे, कापडाचा काही दोष नाही.

७. गेल्या दिवाळीनंतर रागिणी परतवाड्याहून एसटीने माझ्याकडे आली. ती तिथे शिक्षिका आहे. हातपाय न धुताच खाटेवर बसली.

“आत्या, मी अंकुरच्या नावानं हक्कसोड करून आली.”

“काहून केली वो पोरी?”

“बाबानं तुमचं पुस्तक पुढं ठेवलं. म्हने, तुह्या आत्यानं अख्खं राज्य सोडलं, तुले वावराचे दोन तुकडे सुटत नाईत? मी सही करून देली.”

तेव्हा मी तिला खरा शेवट सांगितला. ती म्हणाली, “मी शाळेत असतानी ते प्रकरण वाचून लय रडली होती. मले वाटे, चांगल्या बायाईनं असंच वागाव लागते. तुमी लिवलं म्हनून वाटे.”

माझे शेत गेले त्याचे दुःख मी गिळले होते. हे गिळता येत नाही.

८. म्हणून जाहीर करते : ‘गोड्या झऱ्याची राणी’चे छापील शेवटचे प्रकरण माझे नाही. छापखान्याशी झालेला करार संपला असून दोन्ही पुस्तकांचे हक्क माझ्याकडे परत आले आहेत. ते सर्व हक्क रागिणीस देते. पुढची आवृत्ती निघाल्यास माझ्या मूळ शेवटासह निघावी. तो मी पुन्हा लिहून अ‍ॅड. माधवी देशकर यांच्याकडे सोपवला आहे. याच बाई माझ्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक राहतील.

तिसरा भाग कोणी भाडोत्री लेखकाकडून लिहवून घेऊ नये. रागिणीला लिहावासा वाटला तर तिने लिहावा. वेणाला तिने राज्यावर ठेवावे, युद्धावर पाठवावे, थकली असेल तर झोपू द्यावे. मात्र हसत हसत काही सोडायला लावू नये.

९. माझ्या अंत्यविधीला गोपालने यावे, भाऊ आहे. खांदा द्यावा. शोकसभा झाल्यास त्याने भाषण करू नये. मोठ्या मनाची हे शब्द माझ्याविषयी कोणीही वापरू नयेत.

१०. गोपालला काहीच ठेवले नाही असे कोणी म्हणू नये. दुसऱ्या भागाचे छापील शेवटचे प्रकरण, ज्यातला शब्द न् शब्द त्याचा आहे, ते मी गोपाल चंद्रभान ढोरे यास कायमचे देते. त्याने ते जरूर छापावे, हवे तितक्यांदा छापावे, आणि त्यावर लेखक म्हणून स्वतःचे नाव घालावे.

वरील सर्व मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. मग मी सही केली, आणि माझ्यादेखत त्यांनी केली.

सही : कौशल्या शालिकराम गावंडे

साक्षीदार :
१) डॉ. गीतांजली वानखडे, अकोला
२) देवमन तायडे, शेजारी, अकोला

ठिकाण : अकोला
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५