तेवढेच रुपये

आर. के. पुरम, दिल्ली

दादा,

रुपया घसरला तसे तू अमेरिकेहून आईसाठी पाठवायचे डॉलर कमी केलेस. "अगं, रुपये तेवढेच मिळतायत ना? मग झालं तर!" असं हसत म्हणालास. पण रुपया पडला म्हणूनच इथे तेल, गॅस, आईची औषधं, सगळं महागलं. त्या पडण्यातला नफा तू आईच्या वाट्यातून काढून घेतलास. हे मी हेव्यापोटी तर म्हणत नाही ना, असं स्वतःला विचारून पाहिलं. थोडा हेवा आहे. तरी हे खरंच आहे.

आईला उठवणारी-बसवणारी कमला सोमवारी काम सोडून गेली. "दीदी, सब महँगा हो गया, तनखा वही की वही?" वाढवून द्यायला माझ्याकडे नव्हतं.

आता मी ऑफिसातून येईपर्यंत बाथरूमला जावं लागू नये म्हणून आई दुपारभर पाणीच पीत नाही. तुझा फोन आला की मात्र सुकलेले ओठ ओले करून म्हणते, "मजेत आहे रे, गुणवंता. तू पाठवतोस ते पुरून उरतं."

तेव्हा तिच्या कानाशी फोन धरून गप्प बसणारी,
अश्लेषा