शेवटचा रकाना

प्रिय परकारसर,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. आज लिहायला बसले, कारण काल आपल्या परळच्या वर्गात वरळीच्या समतानं विचारलं, "मॅडम, सरांनी चंद्राचा धडा मधेच का बंद केला? आमचा कंटाळा आला होता का त्यांना?"

मी नुसता फळा पुसत राहिले.

हुशार मुलांच्या शनिवारच्या वर्गात तो धडा तुम्हीच सुरू केलात. अमावास्येनंतरची कोर वरळीच्या किनाऱ्यावरून कधी दिसेल, याचं गणित मुलं आठवडाभर मांडायची. "नमाजाची वेळ नि दिशा चुकू नये म्हणून माणसं त्रिकोणमिती शिकत गेली. श्रद्धेनंच मोजायला लावलं, पोरांनो," असं तुम्ही सांगायचात. पण वहीतला शेवटचा रकाना कोरा ठेवायचा. गणित कितीही बरोबर येवो, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो भरायचा नाही. "चंद्र दिसला का? मग लिही."

माझी तर थट्टाच करायचात. "मॅडम, तुमचा संकष्टीचा चंद्र कॅलेंडरवर उगवतो." खोटं काय त्यात? ठाकूरद्वारच्या आमच्या खिडकीतून चंद्र दिसतो कुठे? वेळ झाली की पानं वाढायची.

आणि एक दिवस मी तुम्हाला म्हटलं, पालकांची तक्रार आलीय, विज्ञानात धर्म नको म्हणतात, धडा थांबवू या. तुम्ही विचारलंत, "कोणाची?" मी म्हटलं, "नाव कशाला?"

सर, तक्रार आलीच नव्हती. कोणीतरी करील, या भीतीनंच मी धडा कापला. बाजारात तुरी म्हणतात, त्यातली गत.

तुम्ही भांडला का नाहीत हो? मुकाट्यानं वह्या कपाटात ठेवल्यात. नंतर फाटकाशी भेटणाऱ्या एकेका आईबापाकडे पाहून 'हे असतील का' असं तुमच्या मनात येत असेल, हा विचार मला सोडत नाही. तो संशय घेऊनच तुम्ही गेलात.

गेल्या संकष्टीला कॅलेंडरची वेळ झाली, पान वाढलं, पण घास उचलेना. "चंद्र दिसला का?" कानाशी तुमचाच आवाज. गच्चीवर जाऊन आले. आभाळ भरलेलं होतं. तशीच उपाशी झोपले.

येत्या शनिवारी मी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना समोर बसवून सांगणार आहे, की धडा सरांनी नाही, मी बंद केला, आणि तुमच्यापैकी कोणीही तक्रार केली नव्हती. मग कपाटातून वह्या काढीन. अमावास्या झाली की सगळ्यांना वरळीला नेईन.

ढगांमुळे कोर दिसली नाही, तर समता 'दिसली नाही' असंच लिहील. न पाहिलेलं लिहायचं नाही, हे तिला तुमच्याकडून कळलंय. मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

तुमची अपराधी,
शुभदा